शेखलाल नदाफचे एक्केचाळीस भोंगे

सोलापुरात भोंग्याचं कुणाला काय कौतुक असणार? गिरण्यांचं गाव ते. कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. बायका भोंग्यावर चूल पेटवायच्या, भोंग्यावर डबा भरायच्या. अशा गावात एक माणूस पदरमोड करून गावोगावचे जुने भोंगे आणतो आणि दोन खोल्यांच्या घरात भिंतीला टांगून ठेवतो म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करतील? हसले. चांगली वीस-बावीस वर्षं हसले. शेखलाल नदाफला त्याचं काही वाटायचं नाही, कारण हसणाऱ्यांना मुळात फरकच कळत नव्हता. त्याचे भोंगे पाळीचे नव्हते, आगीचे होते.

कुणी नीट विचारलंच तर तो सांगायचा. "पाळीचा भोंगा मानसाला आत वडतो. आगीचा भोंगा भाईर काढतो. समद्या गिरनीत ह्यो एकच हाय, जो म्हनतो, टाक त्ये हातातलं आन् पळ." ऐकणारा मान हलवायचा आणि पुढच्या वळणावर जाऊन हसायचा.

शेखलाल मूळचा मंगळवेढ्याकडचा. बाप पिंजारी, गाद्या-रजया भरत गावं फिरायचा. एका बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी विडीची ठिणगी पडली आणि बापाचा पिंजून ठेवलेला सगळा कापूस डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर पोरगं सोलापूरला आलं, गिरणीत चिकटलं आणि भरतीवाल्याला म्हणालं, मला आगीच्या खात्यात घाला. भरतीवाला चाट पडला. त्या खात्यात कुणी मागून जात नसे. चार माणसं, लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या, दोन हातपंप आणि प्रत्येक खात्यात एकेक भोंगा. आग लागली नाही की लोक म्हणायचे, बसून खातात लेकाचे. लागली की म्हणायचे, इतके दिवस काय झोपला होता? त्या गिरणीचं नाव मी घेत नाही. घेऊन कुणाचं भलं व्हायचंय?

पहिला भोंगा त्याला बार्शीत मिळाला. एक जुना जिनिंग कारखाना बंद पडला होता आणि शेजारचा तेलवाला तिथला पितळी कर्णा उलटा धरून त्यातून डब्यात तेल ओतत होता. नरसाळं केलं होतं त्याचं. शेखलाल उन्हात उभा राहून ते बघत राहिला. मग बाजारात गेला, पत्र्याचं नवंकोरं नरसाळं घेतलं, तेलवाल्याच्या हातात दिलं आणि कर्णा काखेत मारून एसटीत बसला. सगळी वाट अंगाला तेलाचा वास येत होता आणि शेजारची बाई तोंड फिरवून बसली होती.

मग नादच लागला. रविवार आला की स्वारी पिशवी घेऊन निघायची. एका बंद तेलगिरणीतून लाकडी पेटीचा भोंगा आणला. दांडा वरखाली केला की आतला भाता फुंकायचा आणि रेडा ओरडावा तसा आवाज यायचा. त्या पेटीत कोंबडी अंडी घालत होती. पंढरपूरला एका तंबू टॉकीजवाल्याकडून दट्ट्याचा भोंगा आणला. फिल्म पेटली तर लोकांना उठवायला तो ठेवलेला असे. आणि एका भंगारवाल्याकडं मोठ्या लढाईच्या वेळचा, हातानं फिरवायचा भोंगा दिसला, तेव्हा तर गडी वेडाच झाला. भंगारवाला अडून बसला. शेवटी शेखलालनं स्वतःची सायकल त्याच्या दारात लावली आणि भोंगा डोक्यावर घेऊन आला. त्या दिवसापासून कामाला पायी जायला लागला, ते शेवटपर्यंत पायीच. लोकांनी त्याला वेड्यात काढलं ते असं.

एक मात्र त्यानं कटाक्षानं पाळलं. बाहेरून कुठूनही आणीन, पण आपल्या गिरणीतल्या भोंग्याला हात लावणार नाही. एक मोडका भोंगा मुकादमानं आपणहून देऊ केला होता, तोही त्यानं घेतला नाही.

बिस्मिल्ला, त्याची बायको, विड्या वळायची. तिचा राग रास्त होता. घरात दोन खोल्या, आणि ज्या भिंतीवर भांड्यांची फळी यायची त्या भिंतीवर हे कर्णे. "लोकांच्या घरात भांडी असत्यात, माज्या घरात भोंगं," ती येईल त्याला ऐकवायची. पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकवायची. पण सणाच्या आधी चिंच घेऊन एकेक पितळी कर्णा घासायची ती तीच. शेखलालनं घासलेले तिला पटायचे नाहीत.

घरात त्यानं एकही भोंगा कधी वाजवला नाही. आगीच्या खात्याचा तो कडक नेम होता: आग नसताना आगीचा भोंगा वाजवायचा नाही. लोकांचा विश्वास उडतो आणि खऱ्या वेळेला कुणी हलत नाही. वाजवून बघायचा असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी दहाला, गिरणीच्या फाटकावर लाल निशाण लावून. त्या घटकेत काय वाजवायचे ते वाजवा. जो भोंगा बिनचूक वाजला त्याच्या काठावर छिन्नीसारखा ठसा ठोकायचा, गिरणीची खूण आणि साल. ठसा नसलेल्या भोंग्याला खात्यात भोंगा म्हणत नसत. शेखलाल तर मुळीच म्हणत नसे.

आता बघा घोळ कुठं झाला. घरी रात्रंदिवस खपून तो भोंगा दुरुस्त करायचा. आवाज काढणारी जिभली बदलायची, चामडं बदलायचं, गंज काढायचा. पण वाजतो का, हे घरी कळणार कसं? मग पहिल्या तारखेला भोंगा पोत्यात घालून गिरणीत न्यायचा. दहा वाजता, निशाणाखाली, गिरणीच्या भोंग्यांबरोबर आपलाही वाजवायचा. वाजला की ठसा मारायचा. जुन्या मुकादमाची त्याला परवानगी होती. तो म्हणायचा, भोंगा कुणाचा का असेना, तपासला तर ठसा मारलाच पाहिजे. ठसा बसला की शेखलालच्या तोंडावर जो आनंद दिसायचा, तो पोरीच्या लग्नातसुद्धा दिसला नाही असं बिस्मिल्ला म्हणायची.

आत नेताना फाटकावर कुणी विचारत नसे. गिरणीत काही आणून टाकणाऱ्याला कोण अडवतो? बाहेर काढायचं तर मात्र पास लागायचा. पास लिहायचा चनबसप्पा, टाइमकीपर. अक्कलकोटचा माणूस, शेखलालबरोबर एकाच महिन्यात कामाला लागलेला. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. एकाची शेंगाचटणी, दुसऱ्याचं कोरड्यास. चनबसप्पाला पास लिहायचा कंटाळा यायचा.

"जा की घिऊन, शेखलालभाई. तुमाला कोन अडवतंय हितं?"

"न्हाय अप्पा, पास लिव्ह. उद्या कुनी म्हनाय नगो, चोरून नेलं."

मग चनबसप्पा कानडीत पुटपुटत लिहायचा: आगीचा भोंगा, नग एक, शेखलाल नदाफ, आग खातं. पास फाटकावर द्यायचा, फाटकावरचा माणूस वहीत चढवायचा. असं वीस-बावीस वर्षांत एक्केचाळीस वेळा झालं. एक्केचाळीस भोंगे, एकही मुका नाही. एखाद्याची जिभली ढिली पडली तर शेखलालला घास गिळत नसे. त्याची एवढीच इच्छा होती, की आपण असेपर्यंत ते सगळे वाजते राहावेत आणि आपल्यामागं कुणीतरी ते वाजते ठेवावेत. जगात लोक काय काय मागतात. ह्या माणसानं एवढं मागितलं.

शहात्तर साली गिरणीला टाळं लागलं. कामगार चार महिने फाटकासमोर बसले, मग एकेक करून उठले. कोर्टानं मालमत्ता ताब्यात घ्यायला रिसीव्हर नेमला. हे साहेब बाहेरगावचे, स्वच्छ कपड्यांचे, आवाज न चढवणारे. त्यांना गिरणीतल्या सुईदोऱ्यापर्यंत यादी करायची होती. यादीसाठी जुन्या लोकांतले सहा जण त्यांनी पगारावर ठेवले. त्यात चनबसप्पा होता. फाटकाच्या वह्या निघाल्या आणि साहेबांच्या लक्षात आलं, की या गिरणीतून वीस वर्षांत आगीचे एक्केचाळीस भोंगे बाहेर गेलेत आणि सगळे एकाच माणसानं नेलेत.

सकाळी नऊ वाजता चाळीपुढं जीप थांबली. एक कारकून, दोन शिपाई आणि एक पोलीस. शेखलालनं त्यांना आनंदानं घरात घेतलं. त्याला वाटलं, सरकारी माणसं भोंगे बघायला आली. अहो, एकेक भोंगा खाली काढून त्याचं गाव सांगत होता तो. कारकून गावं ऐकत नव्हता, काठावरचे ठसे बघत होता. एक्केचाळीस नग, एक्केचाळीस ठसे, सगळे गिरणीचे. पोत्यात भरून भोंगे जीपमध्ये गेले आणि शेखलालला मागं बसवलं. चाळीतली माणसं ओट्यावर आली होती. वीस वर्षं जी तोंडं हसत होती, त्यांनी आता एकच शब्द उच्चारला, "तरीच!"

साहेबांच्या टेबलावर वह्या उघड्या होत्या. चनबसप्पा बाजूला उभा होता.

"हे पाहा नदाफ," साहेब म्हणाले, "भोंग्यांवर गिरणीचा ठसा आहे. बाहेर गेल्याची नोंद आहे. आत आल्याची एक तरी नोंद तुम्ही मला दाखवा."

"आत येनाऱ्याची नोंद कोन करतंय, सायेब? मी भाईरनं आनलं, वाजवून बगितलं, म्हनून ठसा हाय. ठसा म्हंजे मालकी न्हाय, ठसा म्हंजे वाजतोय एवडंच."

"असा नियम कुठं लिहिलाय?"

कुठंच लिहिलेला नव्हता. परवानगी देणारा जुना मुकादम मरून सात वर्षं झाली होती, आणि जिवंत असता तरी त्यानं लिहिला नसता. ठशाचं सगळं तोंडी चालायचं.

"अप्पा," शेखलाल म्हणाला, "सांग की सायबाला. येकेक पोतं तुज्याम्होरं उघडलंय मी. बार्शीचा पैला कर्णा तुला दाखवला न्हाय का? त्येलाचा वास येतोय म्हनून नाक धरलं हुतंस तू."

चनबसप्पानं वहीवरून नजर उचलली नाही. "साहेब, मी फक्त बाहेरचा पास लिहीत होतो," तो म्हणाला. "वस्तू कुठून आली, ते माझ्या कामात येत नव्हतं."

शेखलाल त्याच्याकडं बघतच राहिला. एका ताटात जेवलेला माणूस. संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि ती चनबसप्पाची वाटली.

व्हरांड्यात चनबसप्पा त्याच्या मागं मागं आला. हळू आवाजात बोलायला लागला. सहा जणांत आपलं नाव आहे. आत आलेल्या मालाची नोंद न करता पास दिले असं कबूल केलं तर उद्याच घरी बसावं लागेल. घरात खाणारी तोंडं आठ. "पर वाट हाय, शेखलालभाई. साहेबांस्नी मी इच्यारलंय. तुमी येवडंच लिवून द्या, की गिरनीचे भोंगे सांबाळायला म्हनून घरी ठिवले हुते. मग चोरी ऱ्हात न्हाय. केस न्हाय, काय न्हाय. भोंगे जमा, तुमी मोकळे."

"आन् माजे भोंगे गिरनीचे झाले?"

"तुमचं नाव तर चांगलं ऱ्हातंय की."

साहेबांनी दोन दिवस दिले. शेखलाल बार्शीला जाऊन आला. तेलवाला मेला होता आणि पोराला नरसाळं काही आठवत नव्हतं. तंबू टॉकीजवाला कुठल्या मुलखात गेला ते पंढरपुरात कुणी सांगेना. भंगारवाल्यानं पोलिसाचं नाव ऐकताच हात वर केले. सायकल कसली, म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही.

रिकाम्या भिंतीखाली बिस्मिल्ला विड्या वळत बसली होती. शेखलालनं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "सही करू नगा."

"तूच म्हनत हुतीस की, कवा जात्याल ही भोंगं घरातनं."

"म्हनत हुते. माजं घर, माजी भोंगं, मी म्हनीन. ते सायेब कोन? आपले हायती ते. सही करू नगा."

बाईमाणूस ठाम होती. पण शेखलालला तिसऱ्या दिवशी मशिदीत शेजारी बसलेल्या माणसानं त्याला बघताच स्वतःची नवी चप्पल उचलून पुढं नजरेसमोर नेऊन ठेवलेली दिसली. तो सरळ गिरणीत गेला. चनबसप्पानं मजकूर लिहून ठेवलाच होता. शेखलालनं वाचला आणि सही केली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही कथा सांगितलीही नसती. चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. भोंगे भंगारात काढायचे ठरले होते आणि भंगारात काढण्याआधी आगीचा भोंगा निकामी केला पाहिजे, असा कागद साहेबांना फायलीत सापडला होता. तो नियम शेखलालच्याच आग्रहावरून झालेला. टाकलेला भोंगा बाजारात कुणी वाजवला तर माणसं चेंगरून मरतील, म्हणून त्याला मुका करूनच बाहेर सोडायचा, आणि मुका झाल्याची सही आग खात्याच्या माणसानं करायची. आग खात्यातली बाकीची तिघं गिरणी सोडून गेली होती. उरला होता तो एकटा.

तो नाही म्हणू शकला असता. पण तो नियम बरोबर होता, आणि दुसऱ्या कुणी ते काम केलं असतं तर धसमुसळं केलं असतं.

भर दुपारी गिरणीच्या पटांगणात त्यानं एकेक भोंगा पुढं घेतला. जिभली काढली. कर्ण्याचा गळा ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चपटा केला. पेटीतला भाता पात्यानं उभा चिरला. लढाईच्या भोंग्याची पाती एकेक करून तोडली. प्रत्येकाच्या शेवटी वाजवून बघायचं होतं, वाजत नाही याची खात्री म्हणून. एक्केचाळीस वेळा त्यानं फुंकलं, दाबलं, फिरवलं. नुसता वारा बाहेर येत होता. प्रत्येक वेळी चनबसप्पा वही पुढं करायचा आणि शेखलाल सही करायचा. साहेब खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी इतकं नीट काम करणारा माणूस बघितला नव्हता, असं ते नंतर कारकुनाला म्हणाले.

त्यांना खरंच बरं वाटलं असावं, कारण त्यांनी गिरणीच्या कागदावर, शिक्का मारून, शेखलालला एक दाखला दिला. न मागता दिला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणूस असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

वर्षभर शेखलाल काम शोधत फिरला. वय पन्नाशीला टेकलेलं, आगीचं काम सोडून दुसरं काही येत नाही. अखेर आबासाहेब नावाच्या एका मालकानं त्याला आपल्या मागांच्या कारखान्यात बोलावलं. साठ माग, नवी शेड. शेखलालनं एक फेरी मारली आणि सांगायला लागला. तारांवर कापसाचा भुसा साठलाय, ठिणगी पडली तर सरळ छताला लागेल. वाळूच्या बादल्यांत लोक पान खाऊन थुंकलेत. मागच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडं हे कुणालाच ठाऊक नाही. आबासाहेब ऐकत होते. माणूस कामाचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

"कदी येताय कामावर?" ते म्हणाले. "जुन्या ठिकाणचा काय कागद हाय का? म्हंजे फाईलला लावून टाकू."

शेखलालजवळ एकच कागद होता. त्यानं तो सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून दिला. आबासाहेब चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले.

"दाखला देण्यात येतो की, श्री. शेखलाल नदाफ, आग खाते, यांनी गिरणीच्या मालकीचे आगीचे भोंगे, नग एक्केचाळीस, स्वतःच्या राहत्या घरातून प्रामाणिकपणे परत केले..."

ते थांबले. तेवढी ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. चष्मा काढला.

"एक्केचाळीस नग तुमच्या घरात हुते?"

सगळं सांगायचं म्हटलं तर बार्शीच्या तेलवाल्यापासून सुरुवात करावी लागली असती. आणि सांगूनही खाली शिक्का गिरणीचा होता, आणि त्याच्या स्वतःच्या सहीचा कागद गिरणीच्या फायलीत होता.

"व्हय," शेखलाल म्हणाला.

आबासाहेबांनी कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "कळवतो," ते म्हणाले, आणि त्याच्याकडं न बघता, टेबलावर पडलेलं आपलं घड्याळ उचलून त्यांनी मनगटाला बांधलं.